एका घरात एकच रंग

नेटवर्क तलावाच्या पाळीवरच येतं,
तेही तुडुमाच्या खांबाला पाठ लावून बसलं तर.
म्हणून माझा कोड रात्री घरी लिहिला जातो
आणि सकाळी, शेळ्यांच्या मागोमाग,
पाळीवर येऊन जगात ढकलला जातो.

काम एवढंच: फोटो घ्यायचा,
त्यावर बत्तीस आडव्या, बत्तीस उभ्या घरांची जाळी टाकायची
आणि प्रत्येक घराला सांगायचं,
तुझ्यात एकच रंग राहील. ठरव.
मग जुन्या व्हिडिओ गेममधल्यासारखी
ठोकळ्या-ठोकळ्यांची माणसं उभी राहतात.
कुणीही घ्यावं, उघडून पाहावं, मोडावं, जोडावं.
परवान्यात तसं लिहिलंय. किंमत: नाही.

पहिला फोटो आईचा घेतला.
ती शिंगाडे सोलत होती, बोटं काळी झालेली,
मागे बाबा जाळ्याची फाटकी घरं गाठत बसलेले.
बटण दाबलं.
लुगडं आलं, हिरवं, अगदी तिचंच.
नाकाचं एक घर, डोळ्यांची दोन.
कपाळ आलं.
कोरं.

आई बराच वेळ पाहत राहिली,
मग मागे वळून म्हणाली,
"आयकलं का जी, पोरीनं तुमाले मारून टाकलं."
बाबा हसले. हातातली गाठ सुटली.
मी नाही हसले.

चूक शोधायला सोपी होती.
मी सरासरी काढत होते.
एका घरात कातडीचे ठिपके नव्वद, कुंकवाचे सात;
सात जण नव्वदांत विरघळले,
कातडी जराशी लालसर झाली, तेवढीच त्यांची नोंद.
बहुमत लावून पाहिलं.
बहुमतात ती नोंदही गेली.
मग उलटं केलं: जो सगळ्यांत वेगळा, तोच राहील.
कुंकू आलं,
पण त्याच्यासोबत शिंगाड्यांच्या टोपलीत निळी ठिणगी आली,
बाबांच्या बनियनवर जांभळा डाग, जो नाहीच,
भिंतीला तर गोवर उठला.
धुळीचा एकेक कण ओरडायला लागला.

अकरा रात्री.
भारनियमन, बॅटरी सतरा टक्के,
एंटरचं बटण निघालेलं, त्याच्या जागी
काडेपेटीचा पुठ्ठा.
"याचे किती भेटतेत?" आईनं विचारलं.
"काईच नाई."
"मंग जागतेस काहून?"
"तुयं कुंकू सापडून नाई रायलं."
"अवं, डबीत हाय."

बाराव्या सकाळी पाळीवर
अनोळखी माणसाच्या चार ओळी उतरल्या.
नाव मला वाचता येईना; गाव नकाशात फार वर,
जिथे हिवाळ्यात तलावावरून गाड्या जातात म्हणे.
वेगळेपणाला किती मान द्यायचा
हे त्याने यंत्राच्या हातून काढून घेतलं
आणि एक खुंटी बसवली, ज्याची त्याने पिळावी.
खाली लिहिलं होतं:
माझ्या मावशीच्या गालावर तीळ आहे.
तो जातो. मला तो हवा आहे.

पाणकावळा बुडी मारून दुसरीकडेच वर आला.
मी त्या चार ओळी आत घेतल्या.

खुंटीला नाव लागतं.
मी रोमन पाच अक्षरांत कुंकू लिहिलं.
शून्य दशांश पस्तीसला आई येते.
खुशालकाकाच्या मिशीतला एकच पांढरा केस
साठच्या पुढे.
बाबांना शून्यही चालतं,
आपल्या चेहऱ्यात वेगळं असं काई नाई, म्हणतात.

आता कुठून कुठून लोक वापरतात.
या शब्दाचा अर्थ काय, असं एकाने विचारलं,
दुसऱ्याने परस्पर उत्तर दिलं:
बहुतेक कुणा गणितज्ञाचं नाव.
मी दुरुस्त केलं नाही.

शिंगाडे सोलता सोलता आई मधूनच विचारते,
"ते तिळवाली कशी हाय वं?"
जशी काही ती
पलीकडच्या टोलीवर दिलेली.